गोधडीवरचा आळ

एसी दुरुस्तीला आलेल्या दीपकनं दाराबाहेर चपला काढल्या आणि तिथंच त्याचं डोकं फिरलं. सुतळीनं बांधलेली एक गोधडी जिन्यात ठेवली होती, शेजारी कापडी पिशवी. आत सोफ्याच्या अगदी कडेला मानसिंगआबा बसले होते. धुतलेलं धोतर, कोरी टोपी.

"एसी आतल्या खोलीत आहे," त्यांची सून सुप्रिया म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "वैदेही खोकून खोकून बेजार झालीय. डॉक्टर म्हणतात, घरातल्याच कशाची तरी ॲलर्जी आहे."

"माज्या गोधडीची," आबा लगेच म्हणाले. "लई जुनी धूळ हाय तिच्यात. म्हनून तर निघालोय गावाला, वरकुट्याला. चारची एसटी हाय."

दीपकनं हत्यारांची पिशवी खाली आपटली. पाच वर्षांच्या नातीचा खोकला आणि खापर कुणावर, तर म्हाताऱ्याच्या गोधडीवर. बारामतीत फ्लॅट झाला की बाप अडगळ होतो, दुसरं काय! आणि आबा बिचारे मुकाट्यानं आळ अंगावर घेत होते.

तो आतल्या खोलीत जाऊन स्टुलावर चढला. आबा मागोमाग आले आणि त्यांनी स्टूल धरलं.

"कुठला रं तू?"

"शेळगावचा, आबा."

"म्हंजी आमच्या इंदापूर तालुक्यातलाच की. डाळिंबं फुलली का तिकडं?"

"व्हय. बागा लालभडक झाल्यात."

आबांनी तोंड फिरवलं. मग हळूच विचारलं, "घाण निघंल का रं त्यात?"

"बघू की."

"तरी पन? निघंल?"

आबांनी स्टूल आणखी घट्ट धरलं. म्हातारा देव पाण्यात घालून बसलाय, दीपकच्या मनात आलं.

झाकण काढलं तसा कुबट वास भपकन नाकात गेला. आतला पंखा काळ्या बुरशीनं लडबडला होता. पाणी जायचा पाइप तुंबलेला.

"वहिनी, हितं या," त्यानं बॅटरी मारली. "ही बघा बुरशी. एसी लावला की हीच हवा पोरीच्या नाकात जाती. गोधडीचा काय दोष? उगं म्हाताऱ्या माणसाला..." पुढचं त्यानं गिळलं.

सुप्रियानं टाचा उंचावून बुरशी बघितली. मग धावत जिन्यात गेली, गोधडी उराशी धरून आत आली आणि आबांच्या पलंगावर पसरली.

"आठ दिवस हात जोडतेय, आबा, जाऊ नका म्हणून. ऐकलंत माझं? आता पाय तर काढून बघा घरातून!" ती रडत होती आणि हसतही होती. "थांबा, ह्यांना फोन करते. ह्यांनी तर परवापासून अन्न गोड लागत नाही म्हणून ताट सारलंय."

दीपक चपापला. पण चला, शेवट गोड झाला. त्यानं पंखा घासून लख्ख केला, पाइप मोकळा केला, चहा घेतला आणि हलक्या मनानं निघाला.

आबा त्याच्याबरोबर गाडीपर्यंत खाली आले.

"पोरगी बरी हुईल न्हवं आता?"

"हुईल की. चार दिसांत खोकला जाईल."

"लई चांगलं झालं," आबा म्हणाले. त्यांनी दीपकचा हात धरला, आणि आता आशीर्वाद देतील म्हणून तो वाकला.

"दोन वर्सं झाली हितं येऊन, पोरा. ल्योक-सून इतकी माया करत्यात, की गावाला जातो म्हनायला तोंड न्हवतं. कसंबसं त्या गोधडीचं निमित्त गावलं व्हतं. आता काय सांगून जाऊ मी घरला?"