एक्केचाळीस अंश

“एक्केचाळीसच दाखवतंय. प्रोसेसर थंड आहे, दुसरीकडे शोध,” दुकानाचे मालक बोबडेकाका वैतागून म्हणाले. पण गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटर सकाळपासून सारखा धाडकन बंद पडत होता.

हेमलताने प्रोसेसरवर मुद्दाम जड काम लादलं. आकडा एक्केचाळीसच. त्या आकड्यावर विसंबून पंखाही संथ फिरत होता. तिने प्रोसेसरवरच्या धातूच्या पट्ट्यांना बोट लावलं आणि चटका बसताच हात मागे घेतला.

“काका, सेन्सर खोटं बोलतोय! एवढा ताण दिला तरी आकडा जागचा हलत नाही, म्हणजे...”

बोलता बोलता ती थबकली. नुकताच, डबा खाताना, तिने गावी एकट्या राहणाऱ्या वडिलांना, अण्णांना, फोन केला होता. “मी ठणठणीत आहे गं.” रोज हेच. आई गेली त्या आठवड्यातही हेच, याच सुरात. आणि आता गावात तापाची साथ होती.

तिने घाईघाईने अण्णांच्या शेजारच्या काकूंना फोन लावला.

“काकू, आत्ताच्या आत्ता अण्णांकडे जाता का? कसे आहात म्हणून विचारू नका. अंगाला हात लावून बघा.”