फरशीवाल्याची पैज

एका फरशी बसवणाऱ्या गवंड्याने आपल्या विद्वान थोरल्या बंधूस चारचौघांत कसे हरवले, त्याचा वृत्तांत येथे जसा घडला तसा सादर करीत आहे.

"अरे, तो फोन आहे, फरशी नव्हे! ठोकतोस काय असा?" मास्तर म्हणाले.

खोलीतले सर्व जण हसले. फरशीवाला मात्र हसला नाही. त्याने अंगठा ओल्या रुमालाला पुसला आणि पुन्हा दाबला. समोरचा टीव्ही काळाच राहिला.

मास्तर हे त्याचे थोरले बंधू. छत्तीस वर्षे त्यांनी गणित शिकवले. निवृत्तीनंतर हातातला खडू सुटला, जिभेचा पट्टा काही थांबला नाही. धाकट्या भावाला ते भर सभेत 'सातवी नापास' म्हणत. लग्नकार्य असो की कुणाचे आजारपण, ही पदवी चुकत नसे.

फरशीवाल्याची एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात बोगदा खणण्याच्या कामावर अभियंता होती. बोगदा पूर्ण झाला आणि तिचा जाहीर सत्कार झाला. त्याची चित्रफीत तिने घरच्या सगळ्यांना फोनवर पाठवली. ती आपण स्वहस्ते टीव्हीवर लावून लोकांना दाखवायची, असे फरशीवाल्याच्या मनाने घेतले.

"तू? टीव्हीवर? मग मी शेंडी ठेवतो," मास्तर म्हणाले होते.

"शेंडी नको, दादा. मी लावलं तर ते 'सातवी नापास' कायमचं बंद."

"आणि नाही लावलंस तर?"

"सगळ्यांसमोर म्हणेन, मला येत नाही, दादा, तुम्हीच लावा."

पैज ठरली. तीन संध्याकाळी मुलीने त्याला फोनवरून धडा दिला. "बाबा, वरच्या कोपऱ्यात लहानसा चौकोन आहे ना, तो दाबा. मग आपल्या टीव्हीचं नाव दाबा. बस." त्याने ते पुठ्ठ्यावर लिहून पाठ केले. परंतु सिमेंटने तीस वर्षांत त्याच्या बोटांची कातडी पार घासून टाकली होती. फोनला त्याचा स्पर्श कधी कळे, कधी कळत नसे.

रविवारी सकाळी मंडळी जमली. शेजारचे शिंपीकाका आले, वरच्या मजल्यावरची नर्स आली. मास्तर तर सर्वांच्या आधी हजर. आल्या आल्या त्यांनी वायफायचा पासवर्ड मागून घेतला आणि आपण आता वर्तमानपत्रही फोनवरच वाचतो, हे ऐटीत ऐकवले.

आता चौथ्यांदा अंगठा दाबला गेला. टीव्ही ढिम्म.

"लावा हो, चहासुद्धा निवला," शिंपीकाका म्हणाले.

"मी देऊ का लावून?" नर्सने हात पुढे केला.

"खबरदार!" मास्तर कडाडले. "कुणी हात लावायचा नाही. पैज म्हणजे पैज."

बायको हळूच कानाशी आली. "राहू द्या ना. सख्खे भाऊच आहेत. हरलात तर आभाळ कोसळणार आहे का?"

"लेकीचं कौतुक आहे गं. ते मीच लावणार."

पाचव्यांदाही काही झाले नाही. फरशीवाल्याचे कान तापले. तीस वर्षांत त्याने किती घरांची जमीन आरशासारखी केली असेल, पण आज पायाखाली आपलीच जमीन नव्हती. त्याने मान खाली घातली.

"दादा, मला..."

"थांब," मास्तर म्हणाले. त्यांची नजर स्वतःच्या फोनवरच्या बातम्यांत होती. "नापासालाही फेरपरीक्षा असते. घाई करू नकोस. डोळे मीट, मनात दहा अंक मोज आणि मग दाब. दहा येतात ना मोजता?"

पुन्हा हशा पिकला. फरशीवाल्याने दात आवळून डोळे मिटले. दहा मोजले. अंगठा दाबला.

टीव्ही उजळला!

पडद्यावर त्याची लेक उभी होती, डोक्यावर पिवळे शिरस्त्राण, हातात मानचिन्ह. टाळ्यांच्या आवाजाने खोली भरून गेली. फरशीवाल्याने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि छाती पुढे काढून उभा राहिला.

"दोन्ही टोकांनी खणलेला बोगदा मधोमध बरोबर जुळला," लेक सांगत होती. "लोक विचारतात, हे शिकलीस कुठे? गणित काकांनी शिकवलं. पण नजर बाबांची आहे. पाणसळ लावायच्या आधीच त्यांना उंचसखल कळतं."

बायकोने डोळ्यांना पदर लावला. "बाप शोभतो हो!" शिंपीकाका उद्गारले. फरशीवाल्याला वाटले, आपण आज वीतभर उंच झालो.

मास्तर उठले. "हरलो!" ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले. "आजपासून तो शब्द माझ्या तोंडून येणार नाही."

"बसा की, दादा. पुन्हा पहिल्यापासून लावतो."

"नको, नको! एकदा पुरे," मास्तर घाईने म्हणाले. त्यांनी फोन सदऱ्याच्या खिशात टाकला, पायात चपला सरकवल्या आणि जिना उतरू लागले.

चित्रफीत संपली होती, पण लेकीचे शेवटचे चित्र पडद्यावर तसेच थांबले होते. मंडळी ते डोळे भरून पाहत होती. खाली रस्त्यावरचे फाटक वाजले.

चित्र एकाएकी नाहीसे झाले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. फरशीवाल्याने ती एकेक अक्षर जुळवत वाचली: 'मास्तरांचा फोन. जोडणी तुटली.'

आपण वेळ काढून वाचलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपला नम्र, अप्पा रंगारी.