शेड वापरात आहे

"चादर टोचतेय."

"मामंजी, मेलेला माणूस बोलत नसतो," सरपंचबाई म्हणाल्या.

त्यांचे सासरे स्मशानातल्या नव्याकोऱ्या शेडमध्ये ओट्यावर आडवे झाले होते. म्हातारा चांगला ठणठणीत होता. सकाळीच शेजाऱ्याशी शेताच्या बांधावरून कडाकडा भांडून आला होता.

झालं होतं असं, की पंचायतीच्या पाण्याच्या खात्यात खडखडाट होता आणि स्मशानाच्या खात्यात पैसा पडून होता. सरकारी पैसा ज्या नावाने येतो त्याच नावाने खर्चावा लागतो. पण स्मशानालाही पाणी लागतंच की! मोठ्या रस्त्यावरच्या मुख्य नळापासून तिथवर पाइप न्यायचा, तर तो वरच्या आळीतूनच जाणार. जाता जाता आळीत चार तोट्या बसल्या, तर कोण बघायला येतंय? सरपंचबाईंनी मतं मागताना वरच्या आळीला नळाचा शब्द दिला होता. आता तिथल्या बायका त्यांना समोरून येताना पाहून तोंड फिरवत. ते त्यांना फार लागायचं.

घोडं अडलं होतं फोटोपाशी. शेड वापरात असल्याचा फोटो उद्यापर्यंत कचेरीत पोचला नाही, तर उरलेला पैसा परत जाणार होता. आणि शेड उभी राहिल्यापासून गावात कुणी मरायलाच तयार नव्हतं. ज्या दोघांवर सगळी भिस्त होती, ते खडखडीत बरे होऊन हिंडू लागले होते.

"रडणारं कुणीतरी हवं," मोबाइल पुढे धरून ग्रामसेवक म्हणाले. "नाहीतर नुसतेच झोपल्यासारखे दिसतायत."

सरपंचबाईंनी रडवेलं तोंड करून पाहिलं. त्यांना हसूच फुटलं.

"माझ्यासाठी दोन टिपं गाळायला जड जातंय होय?" म्हातारा गुरगुरला.

"आजवर तुम्हीच इतकं रडवलंत, आता उरलंय कुठे?"

या उत्तरावर म्हातारा बेहद्द खूश झाला. मग त्याने डोळे मिटले, मान कलती केली, तोंड जरा उघडं ठेवलं. हुबेहूब जमलं. ते पाहून सरपंचबाईंचं हसू मावळलं. एक दिवस हे खरंच असे पडणार. मग घरात भांडायचं कुणाशी? त्यांना भडभडून आलं आणि त्यांनी हंबरडाच फोडला.

खालची आळी स्मशानाला लागूनच. पहिला आला शिंपी, गळ्यात टेप तशीच. "अरे देवा, परवा तर माप देऊन गेले! मी कापडसुद्धा कापलं हो!" त्याच्यामागून न्हावी, दुकानदार, सुतार आणि त्यांच्या बायका. शिंप्याची बायको वरच्या आळीला सांगायला धावली आणि थोड्या वेळाने एकटीच परत आली. शेड गच्च भरली. सगळ्यात जास्त रडत होता तो सकाळचा शेजारी. "बांध तुमचाच होता हो," तो म्हाताऱ्याचे पाय धरून म्हणत होता, "बांध तुमचाच होता!"

चादरीबाहेरचा अंगठा टुणकन ताठ झाला.

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून सरपंचबाई उठल्या, तर ग्रामसेवकांनी हातानेच खाली बसवलं. असा फोटो पुन्हा मिळणार नव्हता. ते शेडभर फिरून खटाखट फोटो काढत होते.

तेवढ्यात म्हाताऱ्याच्या किंचित उघड्या तोंडातून कुजबुज आली. सरपंचबाईंनी रडतरडत कान खाली नेला.

"सूनबाई, वरची आळी दिसत नाही गं. उभा जन्म त्यांची भांडणं मिटवली मी."

"निरोप गेलाय, मामंजी. सगळ्या हातपंपाच्या रांगेत आहेत. घागरी भरून झाल्या की येतो म्हणाल्या."

"मी मेलो तरी?"

"नंबर गेला तर आज घरात पाणी नाही."

सरपंचबाईंना वाटलं, आता हे ताडकन उठून बसणार आणि सगळ्यांसमोर शोभा होणार.

"ग्रामसेवकाला म्हणावं, आणखी एक फोटो काढ," म्हातारा हळूच म्हणाला. "मघाशी बांधाचं ऐकून मी हललो होतो."

आणि त्याने श्वास रोखून धरला.