नजर खाली

सिल्लोडहून फोन आला, माहेरी गेलेली बायको झोपेतच वारली. दहाव्याला फोटो हवा होता, पण ती फोटोला उभीच राहायची नाही. लेकीनं काढलेले तेवढेच होते. लेक चित्रकला शिकते. आई माहेरी जायच्या आधीच्या रविवारी अजिंठ्याच्या चित्रांसारखे फोटो काढायला तिनं आईला अंधाऱ्या खोलीत बसवलं, मला दारात पांढरी चादर धरायला लावली. पूर्वी लेण्यात असंच ऊन आत घेत. चादरीवरून परतलेला उजेड बायकोच्या गालावर पडला. “आई, नजर खाली. त्या चित्रांत डोळे झुकलेले असतात.” “मेल्यावाणी दिसंन की गं! एक तरी उघड्या डोळ्यांचा काढ.” “पुढच्या रविवारी.” आता मेहुणा म्हणाला, “दाजी, हे नाय चालत. सगळ्यांत डोळे मिटलेत.” लेक रडू लागली. मी म्हणालो, “मिटले नाय. लेकीचं ऐकलंय तिनं.” त्यातल्याच एकाला हार घातला. उघड्या डोळ्यांचा फोटो काढायचा राहिला.