मागे सरकवलेली सीट

"गाडी तुम्ही स्वतःसाठी घेत नाही आहात, असा शेरा आहे," फायनान्स कंपनीतला माणूस स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. "म्हणून कर्ज नामंजूर."

तिची कमाई नियमित होती, आधीचं कुठलं कर्ज नव्हतं. आजाऱ्यांकडून व्यायाम करून घ्यायला ती घरोघर जायची. गावाच्या एका टोकाचा गुडघा आटपून दुसऱ्या टोकाच्या खांद्यापाशी पोचेपर्यंत तिचेच सांधे कुरकुरायला लागायचे. गाडी झाली नाही तर लांबचे पेशंट सोडावे लागणार होते, आणि घर तर त्यांच्यावरच चाललं होतं.

"मग कुणासाठी घेतेय मी?"

"भावासाठी. घरात चार माणसं आहेत आणि गाडी भाऊ वापरणार, असं चौकशीत कळलं. तुमच्या अर्जात भावाचा पत्ताच नाही." आता त्याने वर पाहिलं. "असं पुष्कळ चालतं, मॅडम. ज्याला कर्ज मिळत नाही, तो बहिणीला पुढे करतो."

ती उठली आणि बाहेर आली.

दादाला जाऊन दोन वर्षं होत आली होती. तापाचं निमित्त झालं आणि धडधाकट माणूस आठवड्याच्या आत गेला. तोवर रोज सकाळी स्कूटरवरून तोच तिला पहिल्या पेशंटच्या दारात सोडायचा आणि मग मालकाच्या गाडीवर ड्रायव्हरच्या कामाला जायचा.

आईच, तिच्या मनात आलं. दुसरं कोण असणार? चौकशीचा माणूस आला तेव्हा घरात आई एकटीच होती. अजूनही आई रात्री चार ताटं मांडायची. तिघांची जेवणं झाली की चौथं ताट उचलून, कोरडंच पुसून, मांडणीवर ठेवायची. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. आईला दुखवायचं नाही, असं ठरलेलंच होतं जणू. आईला कसं विचारायचं, याची ती बसमध्ये मनातल्या मनात उजळणी करत राहिली. रागवायचं नाही. हात हातात घ्यायचा आणि हळूच विचारायचं.

घरी बाबा पंख्याखाली पाय पसरून बसले होते.

"नाही म्हणाले? बरंच झालं," ते म्हणाले. "तेवढाच हप्ता वाचला. आणि तू अजून ड्रायव्हिंगचा क्लास लावलेला नाहीस. गाडी काय दारात उभी करून तिला हार घालणार होतीस?"

"गाडी आली की लावणार होते, बाबा."

"सहा महिने हेच ऐकतोय."

स्वयंपाकघरात आई कणीक मळत होती. तिने आईचा पिठाचा हात तसाच हातात घेतला.

"आई, तो चौकशीचा माणूस आला होता ना, त्याला तू काय सांगितलंस? घरात किती माणसं म्हणालीस?"

"तीन."

"नीट आठव गं."

"न आठवायला काय झालं? तीन म्हणाले. तो गेल्यावर दार लावलं आणि देवापुढे जाऊन बसले. तीन म्हणताना जीभ अडखळते अजून." आईने हात सोडवून घेतला नाही. "तुला वाटलं, मी दादाला धरून सांगितलं?"

"मग ते चौथं ताट?"

आईने दुसऱ्या हाताने परात बाजूला सरकवली.

"ते मी तुझ्यासाठी मांडते, बाळ. पहिल्या महिन्यात एकदा नव्हतं मांडलं. तू भिंतीकडे तोंड करून बसून राहिलीस, घास तोंडात घेतला नाहीस. ताट मांडलं तेव्हा जेवलीस. तेव्हापासून मांडते. तुझे बाबाही म्हणाले, मांड, तिला बरं वाटतं तर."

बाहेरून बाबांच्या खुर्चीचा आवाज आला. ते सगळं ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळचा पेशंट पुढे ढकलून ती पुन्हा फायनान्स कंपनीतल्या त्या माणसाकडे निघाली. वाटेत शोरूम लागलं. काचेआड तीच गाडी उभी होती. गाडी बघायला आली होती त्या दिवशी आत बसल्याबरोबर तिने ड्रायव्हरची सीट इतकी मागे सरकवली होती, की तिचे पाय पेडलला पोचेनात. विकणाऱ्याने हसून विचारलं होतं, "कुणी उंच माणूस बसणार आहे का, ताई?" आणि ती म्हणाली होती, "असू दे तशीच." का म्हणाली, ते आत्ता तिला आठवेना. मालकाच्या गाडीत दादाचे गुडघे स्टिअरिंगला घासायचे, तेवढं आठवलं.

"आई म्हणते, तिने तीनच माणसं सांगितली," ती त्या माणसाला म्हणाली. "मग तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

त्याने कागद उलटसुलट केले. "बरोबर आहे. घरच्या चौकशीत तीनच आहेत. फरक फोनवरच्या चौकशीत आलाय. कॉल रेकॉर्ड होतो आमचा. ऐकवू?"

तिने मान डोलावली. त्याने स्पीकरचा आवाज थोडा वाढवला.

आधी मागे कुणीतरी कण्हल्याचं ऐकू आलं. तिचा कुठलातरी पेशंट असावा. त्याला "गुडघा वाकवा, अजून थोडा" असं सांगणारा तिचाच आवाज होता. घाईतला, कामात बुडालेला.

"मॅडम, घरात कोण कोण असतं?"

"आई, बाबा, दादा आणि मी."

"आणि गाडी कोण चालवणार?"

स्पीकरमधून हसू आलं. मोकळं, खळखळून हसणं. दोन वर्षांत ते तिने स्वतःही ऐकलं नव्हतं.

"दादाच की. मला कुठे येते?"