'घोंगडी' पबचा इतिहास

"माय, उंबऱ्यात थांबू नको, आत ये. अजून पब उघडला नाय," गोकुळ म्हणाला.

बानाबाई तरी थांबलीच. नाकाला पदर लावून तिनं आत डोकावून पाहिलं. लेकानं औरंगपुऱ्यात पब काढून तीन वर्षं झाली होती, पण ती पुंडलिकनगरच्या घरातून कधी इकडं फिरकली नव्हती. आज पबचा वाढदिवस होता. संध्याकाळी गर्दी होणार होती, आणि त्याआधी गोकुळला एक जुनं काम उरकायचं होतं.

ही जागा पूर्वी बँकेची. बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली, इमारत विकायला निघाली आणि गोकुळनं ती घेतली. कॅशियरचा पिंजरा त्यानं तसाच ठेवला. आता तिथून बिअर मिळते. तिजोरीच्या खोलीत कॉलेजची जोडपी बसतात. आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये, काचेच्या चौकटीत, गोकुळच्या बापाची काळी घोंगडी टांगलेली आहे. पबचं नावही तेच.

नावामागची गोष्ट निम्म्या शहराला पाठ होती, कारण ती सांगितल्याशिवाय गोकुळ कुणाला पहिला घोट सुखानं घेऊ देत नसे.

त्याचा बाप मुंजाबा खुलताबादच्या डोंगराकडेनं मेंढरं राखायचा. एका साली मेंढरांना चांगला भाव मिळाला आणि हातात बरा पैसा आला. सगळे म्हणाले, जमीन घे. मुंजाबा म्हणाला, फिरत्या माणसाला जमीन म्हणजे गळ्यातलं लोढणं. पैसा बँकेत टाकायचा आणि पुन्हा मोकळं हिंडायचं. मुंजाबानं एकदा ठरवलं की मग ब्रह्मदेव आला तरी उपयोग नव्हता. बायको-पोराला घेऊन तो या बँकेत आला. रांगेत उभा राहतो न राहतो तोच मॅनेजर रामप्रसाद साहेब केबिनमधून बाहेर आले आणि भर गर्दीत ओरडले, "घोंगडीचा वास येतोय! बाहेर काढा यांना!"

सगळी बँक बघत राहिली. मुंजाबानं पोराचा हात धरला आणि तो तरातरा बाहेर पडला. त्यानंतर कुठल्याच बँकेची पायरी तो चढला नाही. त्याच रागात त्यानं खुलताबादच्या रस्त्याकडेचा एक खडकाळ तुकडा घेतला आणि तिथंच खोपट घातलं. मुक्काम हलायचा थांबला, गोकुळ शाळेत जाऊ लागला. पुढं रस्ता रुंद झाला आणि खडकाचं सोनं झालं.

"ज्या बँकेनं हाकललं, ती बँकच विकत घेतली!" इथं गोष्ट संपायची आणि लोक टाळ्या वाजवायचे.

पण गोकुळच्या हिशोबी ती संपलेली नव्हती. बाप माफी न ऐकताच गेला, हे त्याला सलत होतं. निदान मायनं तरी ती ऐकावी, आणि ह्याच जागी ऐकावी. घरात हा विषय निघाला की बानाबाई उठून चुलीपाशी जायची. तिचा घाव अजून ओला आहे, हे लेकाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

म्हातारे साहेब शहरातच राहतात, हे त्याच्या बायकोनं, श्रेयानं शोधून काढलं होतं. गोकुळनं फोन केला, तर ते एका शब्दात "येतो" म्हणाले. न येण्याची सबब सांगितली असती तर भांडायला तरी मजा आली असती.

"अहो, ऐंशीला टेकलेला माणूस आहे," श्रेया म्हणाली. "चहा पाजा आणि सोडून द्या."

"चहा पाजतो की. आधी माफी."

साहेब रिक्षातून उतरले, काठी टेकत आत आले आणि चहूकडं बघून खूश झाले. "अरे वा, पिंजरा ठेवलात! छान केलंत." मग त्यांची नजर बानाबाईवर गेली. त्यांनी हात जोडले. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

गोकुळनं मायला केबिनमध्ये नेऊन मॅनेजरच्या खुर्चीत बसवलं. साहेबांना मात्र बस म्हटलं नाही.

"काय बोलला होतात, ते ध्यानात हाय का?"

"शब्द न् शब्द. तसं मी आयुष्यात एकदाच बोललो."

"माझा बाप त्या दिवशी जेवला नाय, साहेब. घोंगडी दूर फेकून बसला होता. आमी काय वाकडं केलं होतं तुमचं?"

साहेबांनी बानाबाईकडं पाहिलं. ती मान वर करेना.

"काहीच नाही," ते म्हणाले. "चूक माझी होती. तुमचा काही दोष नव्हता."

"मला नगं. तिला सांगा."

साहेबांनी काठी टेबलाला टेकवली आणि ते कष्टानं वाकले. गोकुळला भरून आलं. हे बघायला बाप हवा होता, एवढंच त्याच्या मनात आलं. श्रेयानं तोंड फिरवलं.

साहेबांचा हात पायाशी पोचायच्या आत बानाबाई ताडकन उठली. तिनं त्यांना दंडाला धरून सरळ केलं, स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि ती लेकाकडं वळली.

"गोकुळ, तुझा बाप माझं ऐकत नव्हता रं. म्हून आदल्या दिशी मीच एकटी हितं येऊन साहेबांच्या पाया पडले व्हते. म्हणलं, उद्या आमच्या मालकाला चारचौघात असं हाकला, की रागानं का व्हईना, ते जमीन घेतील."