पूजाला हिंगोली दाखवली

“अजून काय खाशील?” धर्मसिंगनं विचारलं. पूजाच्या हातातली कचोरी अजून संपली नव्हती, तरी त्याची नजर पुढच्या गाड्यावर गेली होती.

“तुमी म्हणाल ते,” पूजा म्हणाली आणि हसली.

पोलीस भरतीत दुसऱ्यांदा नाव आलं नाही, तेव्हापासून पोरगी हसली नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडायची. आणि परवा अंथरूण काढताना त्याला गोधड्यांच्या घडीत फवारणीच्या औषधाची बाटली सापडली. फवारणी कधीच सरली होती. औषध ठेवायची जागा गोठ्यात होती. त्यानं ती बाटली शेतात नेऊन खोल पुरली, कुणाला काही बोलला नाही, आणि आज सोयाबीनची सोंगणी तशीच टाकून म्हणाला, “चल पोरी, तुला हिंगोली दाखवतो. दसऱ्याचं प्रदर्शन भरलंय.”

त्याच्या बायकोनं, मिराबाईनं, काही विचारलं नाही. तिनं पूजाच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली. कितीतरी वर्षांनी घातली. मोटारसायकल तांड्याबाहेर वळेपर्यंत ती दारात उभी होती. तिला बोलायची सवयच नव्हती. वेळेवर भाकरी मिळत होती, जनावरांचं होत होतं, म्हणजे तिचं बरं चाललंय, असं बापलेक धरून चालले होते.

पोरीला समजावायचं कसं, ते धर्मसिंगला येत नव्हतं. म्हणून तो तिला खाऊ घालत सुटला. गरम जिलबी घेतली. मिरचीभजे घेतले. लालभडक मंचुरियन त्यानं स्वतः जन्मात पाहिलं नव्हतं; त्याचा पहिला गोळा काडीला टोचून त्यानं पूजालाच भरवला. जगात अजून एवढं चाखायचं राहिलंय, एवढं तरी तिला कळावं. वाकड्यातिकड्या आरशांच्या तंबूत तो तिच्यासाठी वेडावाकडा नाचला. ‘मौत का कुआँ’च्या भोंग्यापाशी ती जराशी थांबली, तसं त्यानं तिचा दंड धरून तिला पुढं ओढलं. ती नाही म्हणाली नाही. जे पुढ्यात येईल ते खात राहिली, हसत राहिली. तिचं ते सारखं हसणं बघून त्याला आणखीच भ्या वाटायला लागलं.

ऊन कलताना दोघं आकाशपाळण्यात बसले. पाळणा चढत गेला आणि खालची माणसं भरायला थांबला. त्यांची पेटी नेमकी वर अडकली. खाली सगळी हिंगोली पसरली होती. धर्मसिंगनं दांडी घट्ट धरली, दुसऱ्या हातानं पोरीचं मनगट धरलं.

“बा,” पूजा म्हणाली. तिचं हसू गेलं होतं. “आता माझ्या पोटात घास जाऊन नाही राहिला. पण तुमी खाऊ घालाल तवर मी खाईन. फक्त तसं काही करू नका.”

“कसं काही?”

“गोधड्यांत बाटली व्हती. मी पाहिली. दुसऱ्या दिवशी ती तिथं न्हाई, आन तुमी म्हणता हिंगोलीला चल. मला वाटलं, जायच्या आधी लेकराची हौस करून राहिले.” तिनं त्याची बाही धरली. “माझी भरती हुकली म्हणून तुमी काहून जीव द्यायचा?”

धर्मसिंगनं तिचं मनगट सोडलं.

“ती बाटली तुझी न्हाई?”

“माझी? माझी कशी असंल बा?”

“मी ती पुरून टाकली. मला वाटलं तू...”

घरात माणसं तीन होती.

“याडी,” पूजा पुटपुटली. आईला ती याडीच म्हणे. आणि त्याच वेळी पाळणा सुटला.

“थांबवा!” धर्मसिंग ओरडला. “ए, थांबवा!” खाली गाणं कर्कश वाजत होतं. बाकीच्या पेट्यांमधली पोरंही ओरडत होती, त्यात त्याचं ओरडणं कुणाला वेगळं वाटलं नाही. पाळणा फिरत राहिला. आईजवळ फोन नव्हता; पूजानं शेजारच्या फुलसिंगकाकाला लावला. घंटी वाजून वाजून बंद झाली. सगळा तांडा सोंगणीला गेला होता. पाळणा खाली आणायचा, वर न्यायचा, पुन्हा खाली आणायचा. खाली आला की धर्मसिंग हात जोडायचा. पाळणेवाला हात हलवून हसायचा.

पाळणा थांबला तसे दोघं पळत सुटले. पुसेगावच्या रस्त्याला धर्मसिंगनं एकही खड्डा चुकवला नाही. मागं पूजा फोन लावत होती आणि रडत होती. त्याच्या डोळ्यांपुढं एकच होतं: दारात उभी राहिलेली मिरा. सकाळी तिनं कोणतं लुगडं नेसलं होतं, ते त्याला काही केल्या आठवेना.

दार उघडंच होतं. घरात एकही वस्तू जागेवर नव्हती. पेटी पालथी पडली होती. एकेक गोधडी उकलून फेकली होती, धान्याची पोती उपसली होती, चुलीमागचे डबे रिकामे केले होते. त्या पसाऱ्यात मिराबाई भिंतीला टेकून बसली होती. दिवसभर ती बाटली शोधून तिचे हात थकले होते.

पूजानं तिला मिठी मारली. धर्मसिंग तिच्यापुढं बसला. “मिरा,” तो म्हणाला.

मिराबाईनं आधी लेकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिनं विचारलं,

“मला काहून न्हाई नेलं?”